पंचवीस नवरदेव, एक रिकामी चौकट

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या अंगणातली फुलं चोरली आणि तीही पगारी. 'चोरली' हा शब्द माझ्या बायकोचा आहे. कागदोपत्री मी चामोर्शीकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर होतो. काचेच्या नळ्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे, ब्लेड वाटायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, हे माझं लिहून दिलेलं काम. पण खरं काम उजाडताच सुरू व्हायचं. त्या दिवशी पोरांना जे फूल कापायचं असेल ते ताजं, हवं तेवढं आणि एकाच वयाचं, अकराच्या ठोक्याला टेबलावर हजर पाहिजे. ते कुठून आणायचं, हे कोणी विचारत नसे. आठवडी बाजारात बाकी सगळं मिळतं, पण 'धोतऱ्याची तीस फुलं द्या' म्हटलं की बाजारातल्या बाया माझ्याकडे असं बघत की मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रस्त्यानं जायचो.

ज्यांचा कधी वनस्पतिशास्त्राशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फुलाला चार घेर असतात. सगळ्यांत बाहेरचा हिरवा घेर, कळी असताना तेच पांघरूण. त्याच्या आत रंगीत पाकळ्या, त्यांचं काम मधमाशीला बोलावणं. त्याच्या आत पुंकेसर, म्हणजे नर बाजू, टोकाला पिवळी पूड घेऊन उभी. त्या पुडीला पराग म्हणतात. आणि अगदी मध्यभागी मादी बाजू, तिच्या बुडाशी अंडाशय. पराग वरून मादीच्या टोकावर पडला की अंडाशयातल्या बारीक दाण्यांचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ होतं. आपण वांगं खातो, भेंडी खातो, ते सगळं फुगलेलं अंडाशयच. हे मी एकदा जेवताना बायकोला सांगितलं, तर पुढे आठवडाभर आमच्याकडे नुसती डाळ होती.

परीक्षेत पोरांनी फूल उभं कापायचं, मग अंडाशय आडवं कापायचं आणि चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चित्र काढायचं. काकडीची चकती दिसते तसंच ते दिसतं, फक्त मोहरीएवढं असतं. दाणे कुठे चिकटलेत, किती कप्पे आहेत, यावरून झाड कोणत्या कुळाचं (म्हणजे कोणत्या गटातलं) ते ओळखतात. एवढी साधी गोष्ट. ती बिघडवण्याचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्याच वर्षी मॅडमनी मला जास्वंद आणायला सांगितली. (मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. बोलायला मऊ आणि यादी करायला कडक.) शेजारच्या शाळेच्या कुंपणाला साधी लाल जास्वंद होती. पण परीक्षक बाहेरगावचे येणार, कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न, म्हणून मी एका वकिलाच्या बागेतून गच्च पाकळ्यांची, वाटीएवढी जास्वंद आणली. पोरं अर्धा तास कापत बसली. पुंकेसर कोणालाच सापडेना. तेव्हा कळलं की त्या शोभेच्या जातीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून ती इतकी गच्च दिसते. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "देवाजीभाऊ, तुम्ही फार सुंदर आणलीत. सुंदर नको, साधी आणत जा."

मोहाच्या वेळी उलटं झालं. मोहफूल आणायला काय लागतं? झाडाखाली सकाळी सडाच असतो. मी दुरडी भरून आणली. मॅडम म्हणाल्या, हे अख्खं फूल नाही. मोहाच्या पाकळ्या आणि पुंकेसर तेवढे खाली गळतात, अंडाशय वर फांदीवरच राहतं, पुढे त्याचं फळ होतं. आम्ही पिढ्यान् पिढ्या जे वेचत आलो ते अर्धंच फूल होतं, हे मला चाळिशीत कळलं. मग मी झाडावर चढलो. त्या वयात, त्या पोटानं. अख्खी फुलं आणून टेबलावर मांडली आणि परीक्षक येईपर्यंत निम्मी गायब. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एका पोराला नमुन्याची वैशिष्ट्यं विचारली, तर त्यानं पहिलं वैशिष्ट्य 'गोड' सांगितलं.

आणखी एक. मूळ कुठे वाढतं हे दाखवायला आम्ही हरभरा मोड आणून त्याच्या मुळावर निळ्या शाईनं बारीक रेघा मारायचो, सारख्या अंतरावर. दोन दिवसांनी टोकाजवळच्या रेघा दूर गेलेल्या दिसतात, वरच्या होत्या तिथेच. म्हणजे मूळ टोकाशी वाढतं. एका वर्षी हा हरभरा बशीसकट रिकामा झाला. चोर शोधावा लागला नाही. दुपारी ऑफिसात आमचे हेडक्लार्क हसले आणि त्यांच्या दातांवर निळ्या रेघा होत्या. सारख्या अंतरावर.

हे सगळं मी लोकांना हसून सांगतो. पुढचं सांगताना हसू येतं, पण मध्येच अडतं.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची हिवाळी परीक्षा. शेवटच्या वर्षाचे पंचवीस विद्यार्थी होते. त्यात वनिता नरोटे नावाची मुलगी होती, धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची, गोंड घरातली. हॉस्टेलला राहायची. प्रयोगशाळा उघडायला मी आलो की ही आधीच पायरीवर बसलेली असायची. झाडांची नावं तिला आधी गोंडीत यायची, मग मराठीत आणि शेवटी पुस्तकातली. फुलाला त्यांच्यात 'पुंगार' म्हणतात, हे तिनंच मला शिकवलं. आदल्या वर्षी ऐन परीक्षेत तिला मलेरिया झाला आणि प्रॅक्टिकल बुडालं. हॉस्टेलचा नियम असा की एक वर्ष वाया गेलं तर चालतं, दुसरं नाही. "या बारीला नाई झालं तं बाबा घरी घेऊन जाते," ती मला म्हणाली होती. "धान कापाले बोलावलंच हाये त्याईनं. एकदा गेली का मंग कायचं कॉलेज." म्हणजे तिच्यासाठी ही परीक्षा पास होणं किंवा शिक्षण संपणं, यात तिसरं काही नव्हतं.

परीक्षेला मॅडमनी कोहळ्याचं फूल ठरवलं. कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा. त्याची गंमत अशी की एकाच वेलावर दोन प्रकारची फुलं येतात. नर फूल लांब, सडपातळ दांडीवर असतं, त्यात फक्त पुंकेसर. मादी फूल आखूड, जाड दांडीवर, आणि पाकळ्यांच्या मागे बोराएवढं कोहळं आधीच बसलेलं, तेच अंडाशय. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली, 'नर व मादी, प्रत्येकी पंचवीस.' चिठ्ठी मी खिशात ठेवली.

आमच्या भागात कार्तिकात कोहळ्याचा वेल बघायचा असेल तर बाजाराच्या मैदानामागे पंचफुलाबाईचं घर. एकटी राहणारी बाई, साठीच्या पुढची, पण आवाज असा की कोंबड्या वळून बघायच्या. तिचे वेल छपरावर, कुंपणावर, संडासाच्या भिंतीवर, शेजाऱ्याच्या छपरावरसुद्धा. उजाडताना मी दुरडी घेऊन पोचलो तेव्हा फुलं नुकती उमलत होती. कोहळ्याचं फूल फार वेळ थांबत नाही, दहा वाजेपर्यंत मिटतं.

मी पहिलाच हात एका मादी फुलाला लावला आणि तिनं काठी उचलली.

"अगा देवाजी! हात काढ! त्याच्यामांगं कोहळं बसून हाये, दिसून नाई राह्यलं का तुले?"

"बाई, परीक्षेले पाह्यजे. फक्त पंचवीस."

"पंचवीस कोहळी तोडते? अन् पोट्ट्याइले कापाले देते? माह्या घरी जन्मभर कोणी कोहळं धरलेलं फूल नाई तोडलं. भाजी खायाची तं हे खाय." तिनं लांब दांडीच्या फुलांकडे हात केला. "हे नवरदेव घेऊन जाय. याइची भाजी बी होते अन् भजे बी होते. फक्त दोन-तीन ठेवजो. दोन असले तरी साऱ्याइचं लगन लागते."

ही आमच्याकडची रीतच आहे. घरोघरी नर फुलांची भाजी करतात, मादी फुलाला कोणी हात लावत नाही. लहान पोरालाही फुलाची दांडी बघून कळतं. मीही त्याच रीतीत वाढलेला, त्यामुळे जास्त वाद घालायला जीभ रेटेना. मी नर फुलं तोडली. तेवीस झाली. वेलावर दोन उरली होती, तिनं ठेवायला सांगितलेली. पंचवीस पोरांना तेवीस फुलं कशी पुरणार? बाई चूल पेटवायला आत गेली आणि मी ती दोनही खुडली. मादी एकही नाही. म्हटलं, फूल ते फूल, पोरं पाकळ्या मोजतील, पुंकेसर बघतील, होऊन जाईल. कॉलेजात मॅडमनी विचारलं, "दोन्ही प्रकारची मिळाली ना?" मी म्हटलं, "हो मॅडम."

असं पटकन 'हो' म्हणायला एक कारण होतं. पंधराहून जास्त वर्षं मी दर वर्षी नव्या आदेशावर काम करत होतो आणि कायम करायचा माझा अर्ज तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर होता. त्या आठवड्यात मला कोणालाही 'नाही' म्हणायचं नव्हतं.

मॅडम परीक्षकांच्या पोह्यांमागे आणि याद्यांमागे होत्या. फुलं मीच वाटली, ओल्या कापडात गुंडाळलेली, अर्धवट मिटलेली. तीन तास कोणी मान वर केली नाही. सगळे कापत होते, बघत होते, लिहीत होते. वेळ संपली तशी मी कोमेजलेली फुलं बादलीत गोळा केली. मला वाटलं, निभावलं.

बाहेरून आलेले परीक्षक उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे होते. दुपारी ते पेपर बघायला बसले, मॅडम शेजारी. चहाचे सहा रिकामे कप उचलायला मी ट्रे घेऊन आत गेलो तेव्हा त्यांनी तोंडी परीक्षेसाठी वनिताला समोर बसवलं होतं. तिचा कागद टेबलावर होता. छापील कागदावर 'अंडाशयाचा आडवा छेद' अशी एक चौकट होती. तिची चौकट रिकामी होती आणि खाली लिहिलं होतं, 'या फुलात अंडाशय नाही. हे नर फूल आहे.'

"चित्र का काढलं नाही?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, अंडाशय नव्हतं."

"चोवीस जणांना सापडलं." त्यांनी गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "तीन भाग, भिंतीला चिकटलेले दाणे, सगळं व्यवस्थित काढलंय. तुझ्याच फुलात नव्हतं?"

"त्याइले कसं सापडलं थे मले माहीत नाई, सर." घाबरली की ती पुस्तकी मराठी विसरायची. "पण या फुलात नाई. दांडी लांब हाये. आमच्याकडे याची भाजी करते."

"कापताना फेकून दिलंस आणि आता नव्हतं म्हणतेस. मला या प्रश्नाला शून्य द्यावं लागेल."

त्या प्रश्नाला निम्मे गुण होते. तिथे शून्य म्हणजे नापास. वनितानं माझ्याकडे बघितलं. फुलं कोणी आणली हे तिला ठाऊक होतं, कारण सकाळी पायरीवर ती बसलेलीच होती.

मी कप उचलले आणि बाहेर नळावर गेलो.

एक कप धुवायला किती वेळ लागतो? मी त्या दिवशी प्रत्येक कप आतून धुतला, बाहेरून धुतला, कानातून धुतला. मनात म्हणत होतो, पोरगी हुशार आहे, पुढच्या वर्षी देईल. मग आठवलं की तिला पुढचं वर्ष नाही. मग म्हणालो, मॅडम बघतील. मॅडमना तर मीच दोन्ही आणली म्हणून सांगितलं होतं. सहावा कप धुऊन झाला तरी ट्रे पुसत राहिलो. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

शेवटी बादली उचलली आणि आत गेलो.

"सर, फुलं मी आणली. सगळी नर होती. एकातही अंडाशय नाही. ही पोरगी खरं लिहून राहिली."

मॅडमचा पेन थांबला. "देवाजीभाऊ, सकाळी तुम्ही दोन्ही आणली म्हणालात."

"खोटं बोललो, मॅडम."

परीक्षकांनी बादलीतून एक फूल उचललं आणि ब्लेडनं बुडापर्यंत उभं चिरलं. मग दुसरं. मग तिसरं. सात फुलं चिरली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि गठ्ठ्यातले कागद एकेक उलटायला सुरुवात केली. चोवीस अंडाशयं. एकाहून एक सुंदर. एकानं तर 'दाणे असंख्य' असं लिहून बाण दाखवला होता.

दर वर्षी पहिला येणारा मुलगा बाहेर उभा होता, त्याला बोलावलं.

"हे चित्र कुठलं?"

"गाईडातलं, सर."

"फुलात नाही शोधलं?"

"शोधलं सर. खूप वेळ शोधलं. नाही सापडलं. मग वाटलं, आपलंच चुकत असेल."

परीक्षकांनी हातातलं चिरलेलं फूल परत बादलीत टाकलं. मग स्वतःशीच म्हणाले, "सकाळपासून मीसुद्धा एक फूल हातात घेतलं नव्हतं."

मला वाटलं, आता वनिता सुटली. पण परीक्षा म्हटली की कागद आडवा येतो. गुणपत्रकात 'अंडाशयाचा छेद' असा रकाना होता. 'अंडाशय नाही हे ओळखलं' असा रकाना नव्हता. सर म्हणाले, बनावट चित्रांना मी गुण देणार नाही आणि चित्र नसलेल्या कागदाला देता येत नाहीत. उद्या सकाळी सगळ्यांनी मादी फूल कापायचं. माझी गाडी अकराला आहे. त्याआधी फुलं आली तर ठीक, नाही तर सगळ्यांना शून्य. चोवीस जण पुढच्या खेपेला पुन्हा बसतील. वनिताला पुढची खेप नव्हती, हे त्या खोलीत फक्त तिला आणि मला माहीत होतं.

संध्याकाळी मी पंचफुलाबाईच्या अंगणात उभा राहिलो. ती वेलाखालीच होती आणि काठी हातात होती.

"ये, जवाई ये," ती म्हणाली. "दोन ठेव म्हणलं होतं नं मी तुले? सारेच्या सारे नवरदेव घेऊन गेला! माह्या आठ नवऱ्या आज दिवसभर तशाच बसून होत्या. माशा आल्या अन् हात हलवत गेल्या. पाह्य!"

मी बघितलं. सकाळी उमललेली आठ मादी फुलं मिटून गेली होती. मागचं बोराएवढं कोहळं अजून हिरवं होतं, पण पराग मिळाला नाही की ते दोन दिवसांत पिवळं पडून गळतं. सतरा वर्षं मी पोरांच्या टेबलावर परागीकरणाचे तक्ते टांगत होतो. आणि इथे एक अख्खा वेल मीच वांझ ठेवला होता.

मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, माझं 'हो', रिकामी चौकट, सहा कप, सगळं. ती मध्येच म्हणाली, "थे पोट्टी एकटीच खरं बोलली?"

"एकटीच."

"अन् तू?"

"मी मागून."

तिनं काठी भिंतीला टेकवली. "हे आठ तं तुनं मारूनच टाकल्या. गळूनच जाते. उद्या घेऊन जाय." मग म्हणाली, "नाई, तू नको घेऊन जाऊ. तुह्यावर भरोसा नाई. मीच येतो."

आली. सकाळी सात वाजता, डोक्यावर दुरडी, दुरडीवर ओलं फडकं, पायातल्या चपला हातात धरून, कारण प्रयोगशाळेची फरशी मी पुसली होती. दुरडीत आठ मादी फुलं आणि त्या दिवशी नव्यानं उमललेलं एक नर फूल. आठ फुलं पंचवीस जणांना पुरेनात, म्हणून एका अंडाशयाच्या तीन-चार चकत्या करून वाटल्या. कापताना प्रत्येक वेळी ती 'अरेरे' म्हणायची, त्यामुळे पोरं फार जपून कापत होती.

परीक्षकांनी तिला विचारलं, "मावशी, हे एक नर फूल कशाला आणलं?"

"तुमच्या पोट्ट्याइले दाखवाले. गाईडात नसन तं." तिनं त्या फुलाच्या पाकळ्या सोलून काढल्या. आत पिवळ्या पुडीनं माखलेला दांडा राहिला. तो तिनं एका मादी फुलाच्या मध्यभागी हळूच टेकवला, फिरवला. "असं. माशी नाई आली तं आपणच माशी व्हावं."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. कोणत्या कुळात, कोणत्या शीर्षकाखाली, ते मला दिसलं नाही.

वनिताचा कागद मी गोळा करताना बघितला. चौकटीत वाटोळी चकती होती, तीन भाग, भिंतीला चिकटलेले दाणे. चित्र काही फार सुबक नव्हतं. एका बाजूला कापताना थोडं फाटलं होतं, तर तिनं फाटलेलंही काढलं होतं. सरांनी तिच्या आदल्या दिवशीच्या कागदावरच्या रिकाम्या चौकटीभोवती लाल पेननं एक गोल केला आणि दोन्ही कागद एकत्र टाचले. अकराची गाडी त्यांना मिळाली.

माझा कायम होण्याचा कागद त्यानंतर बराच काळ कपाटात पडून राहिला. मॅडम दोन आठवडे माझ्याशी फक्त चिठ्ठीनं बोलल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "देवाजीभाऊ, या वेळी सदाफुली आणा. तिच्यात नर-मादी भानगड नाही." तेव्हा मला कळलं की माफ केलं. पंचफुलाबाईनं मात्र मला पुढची दोन वर्षं वेलाजवळ येऊ दिलं नाही. मी कुंपणाबाहेर उभा राहायचो आणि ती मोजून फुलं द्यायची.

निकाल लागला त्या दिवशी मी सूक्ष्मदर्शक खोक्यात भरत होतो. वनिता आली. पास झाली होती, हॉस्टेलची खाट राहिली होती, बापाला तसा निरोप गेला होता. मला वाटलं, आता आभार मानेल. मी तयारीही केली होती, 'अगं त्यात काय' असं म्हणायची. ती टेबलाला टेकून उभी राहिली.

"भाऊ, एक इचारू?"

"इचार."

"तुमाले तं पहिल्यापासून मालूम होतं. मंग कप धुवाले काऊन गेले?"

मी म्हटलं, "भेलो होतो, पोरी."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"भेली तं मी बी होती, भाऊ," ती म्हणाली.